रेशीम म्हणून आणलेली साडी

मी एक जुनी साडी आहे. तसं पाहिलं तर माझं वय दीड वर्षाचं. पण माणसाच्या मनातून उतरलेली वस्तू एका दिवसात जुनी होते, म्हणून मी स्वतःला जुनी म्हणते. समुद्राकाठच्या आंजर्ले गावात, राहीकाकूंच्या अंगणाच्या कडेला, भाजीच्या वाफ्यांभोवती मला कुंपण म्हणून बांधलं आहे. माझा डाळिंबी रंग अजून तसाच आहे, काठाची जर अजून चमकते. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारतात, एवढी चांगली साडी कुंपणाला कशी लावली? मित्रांनो, त्याचं उत्तर मलाच द्यायचं आहे, कारण ते देताना काकूंचा आवाज जड होतो.

आधी माझा जन्म सांगते. मी कापसाच्या बोंडातून आले नाही. रेशमाच्या किड्याने माझ्यासाठी कोश विणला नाही. तागाच्या सालीशी किंवा मेंढीच्या लोकरीशी माझं काही नातं नाही. जमिनीच्या पोटातून काढलेलं काळं तेल, ते माझं माहेर. त्या तेलावर कारखान्यात बऱ्याच क्रिया करतात आणि शेवटी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे तयार होतात. ते दाणे वितळवून, सोऱ्यातून शेवया पाडाव्यात तसा बारीक छिद्रांतून धागा पाडतात. त्या धाग्याला पॉलिस्टर म्हणतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. माझ्या भावंडांच्या छत्र्या झाल्या, होड्यांचे दोर झाले, आणि ती आपापल्या नावाने सुखात आहेत.

मी मुंबईच्या एका दुकानात आले, तेव्हा माझ्या फळीवर दुकानदाराने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: रेशमासारखी, धुवायला सोपी. 'सारखी' हा शब्द त्याने मुद्दाम मोठा काढला होता. मला तो माणूस आवडायचा.

दिवाळीच्या गर्दीत एक दिवस गुरुप्रसाद दुकानात आला. मुंबईत नोकरी करणारा, पन्नाशीकडे आलेला गृहस्थ. बहिणीला भाऊबीजेला सोवळ्याची साडी न्यायची आहे म्हणाला. आंघोळ करून, कुणाचा स्पर्श न होऊ देता, फक्त पूजेसाठी नेसायचं ते सोवळं. दुकानदाराने त्याला खरं रेशीम दाखवलं. त्याने ते हाताळलं, बाजूला सारलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"साहेब, हे रेशीम नाही," दुकानदार म्हणाला. "पूजेला नेसणार असतील तर त्यांना तसं सांगून द्या."

"तिला काय कळतंय," गुरुप्रसाद हसून म्हणाला. "तेवढा खोका मात्र रेशमाचा द्या."

दुकानदाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग कुठल्यातरी विकल्या गेलेल्या रेशमी साडीचा रिकामा खोका काढला आणि मला त्यात ठेवलं. झाकणावर सोनेरी अक्षरांत 'शुद्ध रेशीम' लिहिलं होतं. त्याने तेवढं केलं नसतं, तर आज मी वेगळी गोष्ट सांगितली असती.

आता राहीकाकूंविषयी. काकू बोलतात हळू, चालतात हळू, पण नेमाला चुकत नाहीत. पहाटे आंघोळ, मग सोवळं, मग पूजा. चतुर्थीला कड्यावरच्या गणपतीला जायचं ते पायीच. परसात देवकापसाचं झाड आहे. त्याची बोंडं वेचून, सरकी काढून, त्या देवासाठी वाती आणि वस्त्रं करतात. बाजारची तयार वात त्यांनी कधी लावली नाही. तिच्यात काय असतं ते आपल्याला कुठे ठाऊक, असं त्या म्हणत.

माझ्याआधी त्यांच्याकडे सोवळ्याचं एकच सुती पातळ होतं. खेडच्या बाजारातून आणलेलं, हातमागाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. सुती सोवळं रोज धुवावं लागतं. ते छताजवळच्या बांबूच्या दांडीवर काठीने वाळत टाकायचं, म्हणजे कुणाचा हात लागत नाही. उन्हाळ्यात ते तासाभरात वाळतं. पण आमच्या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे पातळ कुठलं वाळायला. मग काकू तसंच ओलं नेसून पूजेला बसत आणि नवरात्रापर्यंत खोकत.

ते पाहून गुरुप्रसादनेच विचारलं होतं की ताई, तुला यंदा काय आणू. काकूंनी सांगितलं होतं, आणायचंच तर खरं रेशीम आण, ते रोज धुवावं लागत नाही. नाहीतर आणखी एक साधं सुती पातळ आण, एक वाळेपर्यंत दुसरं नेसेन. इतकं सोपं मागणं होतं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं दुःख त्यात आहे. सुती पातळसुद्धा चाललं असतं.

भाऊबीजेच्या दिवशी खोका उघडला, तेव्हा काकूंनी आधी हात पदराला पुसले. मला दोन्ही हातांवर घेतलं. म्हणाल्या, "एवढी भारी कशाला रे आणलीस?" गुरुप्रसाद म्हणाला, एकुलत्या एका बहिणीसाठी एवढं तरी नको का. काकूंचे डोळे भरले. मी त्यांच्या हातांवर पडून होते. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

खाडीकडच्या मोहल्ल्यात राहणारी सईदा काकूंची शिलाईवाली. मला फॉल लावायला तिच्याकडे दिलं. सईदाची बोटं तीस वर्षं कापडात वावरलेली. तिने पदराचं टोक अंगठ्याखाली चोळलं आणि तिचा अंगठा थांबला. मग तिने इस्त्रीचा काटा खाली आणला. रेशमाला लागते त्याहूनही मंद इस्त्री तिने मला केली. म्हणजे तिला कळलं होतं. काकूंनी विचारलं, "काय गो सईदा, कशी आहे आमच्या गुरूची निवड?" सईदाने धागा दाताने तोडला आणि म्हणाली, रंग छान आहे. रंगाबद्दल ती खोटं बोलली नाही.

सुती पातळ ट्रंकेत गेलं आणि माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. देवळात बायका म्हणायच्या, राहीकाकू, भाऊ असावा तर असा. एक जण म्हणाली, "माझा भाऊ दरवर्षी टॉवेल देतो हो. आता दुकान घालीन टॉवेलांचं." सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण पदर जरा पुढे ओढून. खरं तर तो पदर त्यांच्या खांद्यावर ठरत नसे. मी निसरडी. घाम टिपायचा गुणही माझ्यात नाही. पूजा आटोपेपर्यंत काकूंची पाठ घामाने भिजायची आणि अंगाला पुरळ यायचं. खरं रेशीम उष्ण असतं, असं म्हणून त्या खोबरेल तेल लावायच्या. थंडीच्या कोरड्या दिवसांत माझी घडी घालताना तडतड आवाज येई आणि हातावरचे केस उभे राहत. ती माझ्यासारख्या धाग्याच्या घर्षणातून येणारी वीज होती. काकूंना मात्र वाटायचं, जपाचं तेज साडीत उतरलं. त्या मला हात जोडायच्या. मित्रांनो, लायकी नसताना मिळालेला नमस्कार फार बोचतो.

मग आषाढी एकादशी आली आणि काकूंनी लक्षवातींचं व्रत धरलं. रोज एक हजार वाती स्वतःच्या हाताने वळायच्या, तुपात भिजवायच्या आणि तांब्याच्या तबकात देवापुढे लावायच्या. असे शंभर दिवस, म्हणजे लक्ष वाती. कार्तिकी पौर्णिमेच्या आत हे पुरं झालं पाहिजे. आपल्या झाडाचा कापूस कमी पडेल म्हणून काकूंनी दोन वर्षं बोंडं साठवली होती. एकेक वात शुद्ध कापसाची. आणि ती लावणारी बाई माझ्यात गुंडाळलेली.

बहात्तरावा दिवस. भाद्रपदातली सकाळ. तबकातल्या वाती चांगल्या पेटल्या होत्या. काकू तूप घालायला वाकल्या आणि माझा पदर खांद्यावरून सटकून तबकात गेला.

सुती पदरही पेटला असता, खोटं कशाला सांगू. पण त्याची राख झाली असती, तो झटकता आला असता. मी वितळले. पाघळले आणि काकूंच्या उजव्या मनगटाला गरम पाकासारखी चिकटले. त्या मला ओढत होत्या आणि माझ्याबरोबर कातडी येत होती. काकूंचे यजमान, म्हणजे काका, धावत आले आणि त्यांनी हातावर पाणी ओतलं. दापोलीच्या डॉक्टरांना माझे तुकडे एकेक करून सोडवावे लागले. कापड कसलं होतं, त्यांनी विचारलं. रेशीम, काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी ते तुकडे काकूंना नीट दाखवले. काळे, कडक, मण्यांसारखे.

तिसऱ्या दिवशी काकूंनी निरांजन लावलं. ट्रंक उघडून सुती पातळाचा एक धागा काढला. दुसरा स्वतःच्या लग्नातल्या रेशमी शालूचा. तिसरा माझा. सुती धागा धरला, तो भुरूभुरू जळला, कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली. शालूचा धागा हळू जळला, केस जळल्याचा वास आला, राख चिमटीत चुरली. मग माझी पाळी. मी आखडले, काळा धूर सोडला, थेंब झाले. तो थेंब गार झाल्यावर काकूंनी चिमटीत धरून पाहिला. चुरला नाही. पुन्हा धरला. तरीही नाही.

त्यांनी सईदाला बोलावून घेतलं. सईदा पायरीवरच थांबली, हातावरचं बँडेज पाहिलं आणि रडायला लागली. "काकू, मला त्याच दिवशी कळलं होतं. पण भावाची वस्तू. मी तुमच्या आणि त्याच्या मध्ये कशी बोलणार?" काकू तिच्यावर रागावल्या नाहीत. पण चहा देताना नेहमीसारखं तिच्याशी बोलल्याही नाहीत. कुणी मायेपोटी गप्प राहिलं, तरी माणूस भाजतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मग त्यांनी मुंबईला फोन लावला. हाताला बँडेज होतं, म्हणून फोन खिडकीत ठेवून मोठ्या आवाजावर लावला. मी दांडीवर होते, सगळं ऐकलं. गुरुप्रसादने आधी हाताची चौकशी केली, औषधांची केली, काकांचीही केली. काकूंनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "गुरू, ही साडी कसली आहे रे?"

तो म्हणाला, "ताई, हल्ली पूजेला सगळे तेच नेसतात. तुमच्या गुरुजींचा पीतांबरसुद्धा तसलाच असेल. आणि देव काय साडीचं लेबल बघत बसतो?"

"देव नसेल बघत," काकू म्हणाल्या. "मी पण नाही बघितलं. तू आणलीस ना, म्हणून."

काकूंनी डाव्या हाताने फोन बंद केला.

झालेल्या बहात्तर हजार वातींचं काय करायचं, हे त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी भले माणूस. ते म्हणाले, वाती कापसाच्या होत्या ना, मग व्रताला बाध नाही, पुढे चालू ठेवा. जाताना स्वतःचा पीतांबर चाचपत गेले. पण काकूंचं मन मानेना. देवाला चालत असेल, मला नाही चालत, असं त्या काकांना म्हणाल्या. गावातल्या घरोघरच्या देवकापसाची बोंडं मागून आणली आणि त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. कार्तिकी पौर्णिमेला जेमतेम पन्नास दिवस उरले होते. म्हणजे रोज दोन हजार वाती, त्याही भाजलेल्या मनगटाने. काका म्हणाले, अगं, पुढच्या वर्षी कर. काकूंनी कापूस पुढे ओढला.

सईदा रोज दुपारी येऊन पडवीत बसायची आणि सरकी काढून द्यायची. वात वळण्याचं काम काकूंचं, ते त्यांनी कुणाला दिलं नाही. पहिले आठ दिवस दोघी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, "सईदा, मला चांगलं सुती कापड ओळखायला शिकव गो." दोघी मिळून चिपळूणला गेल्या. सईदाने कापड उजेडात धरून दाखवलं, हातमागाच्या विणीतला बारीकसा चढउतार दाखवला, पाण्याचा थेंब टाकून तो कसा शोषला जातो ते दाखवलं. त्यांनी हातमागाचं एक साधं पांढरं पातळ घेतलं. आता एक वाळेपर्यंत दुसरं. पाऊस ओसरला होता. काकूंच्या अंगावरचं पुरळही गेलं.

राहता राहिले मी. काकूंनी मला जुन्या कापडासारखं नारळाच्या आळ्यात पुरायचं ठरवलं होतं. सुती कापड तिथे एका पावसाळ्यात माती होतं. सईदा म्हणाली, ही कुजणार नाही, तुमच्यानंतरही राहील. जाळावं तर विषारी धूर. कुणाला द्यावं तर काकूंना ते पटेना. शेवटी वानरांच्या त्रासामुळे विठूने मला वाफ्यांभोवती बांधलं. विठू काकूंच्या बागेत नारळ काढतो. गाठ मारता मारता म्हणाला, "काकू, एवढ्या जरीची साडी बघून वानरं आता आहेर घेऊन येतील बघा." कित्येक दिवसांनी काकू हसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. मला राग आला नाही. मी कोण हे मला नेहमीच माहीत होतं. माझ्या नावाने खोटं बोललं गेलं, आणि त्याची आग मात्र माझ्या अंगातून काकूंच्या हाताला लागली.

दिवाळी आली. भाऊबीजेला गुरुप्रसाद येईल की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं. तो आला. माझ्या कुंपणापासून ओटी समोरच दिसते. काकूंनी पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. हात अजून लाल होता. गुरुप्रसादने ओवाळणीत नवा खोका ठेवला आणि वर दुकानाचं बिल.

"वाचून बघ ताई," तो खाली बघत म्हणाला. "खरं रेशीम आहे. माझी शपथ."

काकूंनी बिल वाचलं नाही. साडी काढली, पदराच्या टोकाचा एक धागा ओढला आणि ओवाळणीच्या निरांजनावर धरला. काका उभेच राहिले. धागा हळूहळू जळला. केस जळल्याचा वास माझ्यापर्यंत आला. काकूंनी राख चिमटीत घेतली. ती चुरली.

गुरुप्रसादने श्वास सोडला. "बघ, खरं आहे ना. आता तरी झालं समाधान?"

"साडी खरी आहे रे," काकू म्हणाल्या. बोटाची राख त्या कितीतरी वेळ पुसत होत्या. "पण मला धागा जाळावा लागला."

मग त्यांनी त्याला पानावर बसवलं, कानवले वाढले, आणखी घे म्हणाल्या. तो खाली मान घालून जेवला. ती रेशमी साडी कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. काकू सुती पातळात वाती वळत राहिल्या आणि कार्तिकी पौर्णिमेला लाखावी वात त्यांनी लावली. मी ती लांबून पाहिली. गुरुप्रसाद दर रविवारी फोन करतो. काकू बोलतात, सगळं विचारतात. फक्त मुंबईहून काही आणू का म्हटलं, की म्हणतात, नको, इथे सगळं मिळतं.

मित्रांनो, मी वाईट नाही, तुम्ही मला टाकून बोलू नका. मला छत्री करा, दप्तर करा, होडीचा दोर करा, आणि एकदा केलं की वर्षानुवर्षं वापरा, कारण मी मातीत मिसळत नाही. या कुंपणावरून गळणारे माझे बारीक धागे ओहोळातून समुद्राकडे जातात, ते मला दिसतं आणि वाईट वाटतं. पण अंगाला लागून असणारं, घाम टिपणारं, दिव्याजवळ वावरणारं कापड घेताना कापूस, लोकर, ताग, रेशीम यांचा विचार करा. चार चमकदार कपड्यांपेक्षा दोन सुती बरे, एक वाळेपर्यंत दुसरा. दुकानात कापडाचं खरं नाव विचारा. धागा जाळून पाहायचा असेल तर मोठ्या माणसाला जवळ बसवा.

आणि कुणासाठी काही आणाल, तर ते जे असेल ते सांगूनच त्याच्या हातात द्या. तुमच्या हातचं न तपासता घेणारं माणूस घरात असतं. त्याच्यावर धागा जाळून पाहायची वेळ आणू नका.